नको म्हणायची सोय

६ जून, शुक्रवार

आजही सांगितलं नाही. वाक्य तयार होतं: "काकू, रेडिओलॉजी टेक्निशियनच्या कोर्सला नंबर लागलाय, ऑगस्टअखेर काम सोडावं लागेल." प्रभाकाकू मेतकूट भरत होत्या. मी म्हटलं, "काकू, जरा बोलायचं होतं." तर म्हणाल्या, "आधी चहा घे, तोंड किती सुकलंय तुझं, सुमेध." चहा घेतला. मग डबे पॅक केले. मग संध्याकाळ झाली.

सीट हवी की नको ते कॉलेजला ३० जूनपर्यंत कळवायचंय. क्लास दिवसाचे, त्यामुळे दोन्ही जमणार नाही. मागे कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, कुणी उभं करत नव्हतं. काकूंनी का सोडलं, घरी काय म्हणाले, जेवतोस कुठे, सगळं खोदून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या फराळाच्या धंद्यात खोकी चिकटवायची टेपगन हातात दिली. त्यांना कसं सांगू?

९ जून, सोमवार

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून मेल. आमचे जुने गिऱ्हाईक सातपुतेकाका, त्यांच्या मुलीचा, रियाचा. इंग्रजीत. सभ्य, पण थंड. बाबा फराळाचा मंथली डबा बंद करायला दर महिन्याला फोन करतात, दर वेळी तुमच्या काकू तो चालू ठेवतात. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. बाबा डबे गॅरेजमध्ये लपवतात. डबा ऑनलाइन सुरू होतो, तर ऑनलाइन बंद का होत नाही? महिनाअखेर सोय झाली नाही तर राज्य सरकारकडे तक्रार करणार.

वेबसाइट उघडून बघितली. सुरू करायचं बटण पहिल्याच पानावर, मोठं, केशरी. बंद करायचं सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत: "काकूंना फोन करा." मजकूर माझाच, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

जेवलो नाही.

१० जून, मंगळवार

काकूंना मेल मराठीत वाचून दाखवला. "लपवतात" गाळावं असं वाटलं. नाही गाळलं.

काकू म्हणाल्या, "अरे, अर्धा अर्धा तास बोलतात माझ्याशी! डबा बंद करणारा माणूस कोथिंबिरीच्या वड्यांची रेसिपी विचारतो का?" मग, "पानावर बसलेला माणूस नको म्हणतोच. म्हणून वाढणारा थांबतो का कधी?"

मी म्हटलं, "कायद्यात थांबतात, काकू."

"मग तुझा कायदा जेवायला बसला तर उपाशीच उठेल."

हसलो दोघंही. पण नंतर त्यांनी चकल्यांची पाकिटं उगाचच पुन्हा मोजली.

१२ जून, गुरुवार

टॅक्सवाल्यांच्या ओळखीने एका वकीलबाईंशी फोन झाला. काकू स्पीकरवर, मी लिहून घेत होतो. कॅलिफोर्नियाचं गिऱ्हाईक ऑनलाइन आलं असेल तर त्याला ऑनलाइनच जाता आलं पाहिजे, फोनची सक्ती नाही. जाताना एकदा "थांबता का" विचारलेलं चालेल, पण तिथेच "बंद करा" सरळ दिसायला हवं. वेगळं पान फक्त कॅलिफोर्नियासाठी कशाला, सगळ्यांनाच द्या.

काकूंनी विचारलं, "का चाललात, हे विचारू शकते ना?"

"विचारा. उत्तर द्यायची जबरदस्ती नको."

"म्हणजे का गेले ते मला कळणारच नाही?"

"नाही कळलं तर नाही कळलं, मॅडम."

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "ही बाई लग्नाच्या पंगतीत वाढायला नको."

मला मात्र ते वाक्य आवडलं. नाही कळलं तर नाही कळलं. दिवसभर मनात म्हणत होतो.

१७ जून, मंगळवार

बटणावर काम. काकूंनी मजकूर दिला: "खरंच बंद करायचा? या महिन्यात कडबोळी आहेत." त्याच्या पुढच्या पानावर: "तरीपण?" आणि त्याच्या पुढे: "बरं, मग एकदा बोलू तरी."

पहिलं ठेवलं, बाकीची दोन काढली. काकू कुरकुरल्या, "बोलणंसुद्धा गुन्हा झाला का रे?" मी म्हटलं, गुन्हा नाही, पण आडवं येतं.

कोर्सचं आजही राहिलं.

२० जून, शुक्रवार

बटण लाइव्ह केलं. आधी माझ्याच अकाउंटवरून दाबून बघितलं. लगेच मेल: "आपला डबा बंद झाला आहे." किती सोपं. कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

संध्याकाळपर्यंत काही जण गेले. काकूंनी नावं वाचली. वेस्ट विंडसरच्या मंजिरीचं नाव आलं तशा थांबल्या. "हिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू दिले होते मी. गाडी चालवत जाऊन. न सांगता गेली?" आणि फोन उचलला.

मी म्हटलं, "काकू, नको."

माझं नको त्यांच्यापुढे आजवर कधी टिकलं नव्हतं. साध्या दुसऱ्या पोळीलासुद्धा नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फोन ठेवला. "असू दे. तिचं तिला ठाऊक."

न सांगता गेली, हे घरी येईपर्यंत डोक्यातून जाईना. गाडी लॉक केली का बघायला दोनदा खाली गेलो.

२४ जून, मंगळवार

दुपारी सातपुतेकाकांचा फोन. काकूंचे हात भाजणीत, म्हणून स्पीकर मीच लावला.

"वहिनी, रिया म्हणते बटण दाबा. समोर आलंय. कडबोळी आहेत असं लिहिलंय. दाबू का?"

मागून रिया: "बाबा, जस्ट प्रेस इट! यू डोन्ट हॅव टू आस्क हर!"

काकू भाजणीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता आग्रह करणार. म्हणाल्या, "दाबा, भाऊ."

"राग नाही ना?"

"राग कसला? वड्या वाफवलेल्याच खा, तळत बसू नका."

"झालं वाटतं. हो, मेल आला." पण फोन ठेवला नाही. "वहिनी, पुढच्या महिन्यात फोन केला तर चालेल ना? म्हणजे, बंद करायला आता काही उरलं नाही, म्हणून विचारतो."

"करा की. त्यात काय."

नंतर काकूंनी लेबलं लावली ती सगळी तिरकी. त्या गेल्यावर काढून सरळ लावली.

रियाचाही मेल आला. एका ओळीचा. थँक्यू.

२७ जून, शुक्रवार

सांगितलं.

जेवताना. पूर्ण वाक्य, मध्ये न थांबता. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरं. शेवटचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव."

बस.

कोणता कोर्स, किती वर्षांचा, विचारलं नाही. दिवाळी होऊ दे म्हणाल्या नाहीत. या वेळी तरी पुरा करशील का, असा टोमणाही नाही. मी सगळ्याची उत्तरं तयार ठेवली होती: दिवाळीत शनिवार-रविवार येईन, नवीन माणसाला शिकवून जाईन, या वेळी पुरा करणार. एकही लागलं नाही.

"पिठलं वाढू?" म्हणाल्या. सवयीने नको म्हटलं. त्यांनी पातेलं उचलून आत नेलं.

भूक होती.

२९ जून, रविवार

कॉलेजचं पान सकाळपासून उघडं. "सीट स्वीकारा" आणि "सीट सोडा", शेजारी शेजारी, सारख्याच आकाराची बटणं. नियमाप्रमाणे. मला स्वीकारायचीच आहे. पक्कं आहे. तरी बसून आहे.

दुपारी काकूंचा फोन. पहिल्या रिंगलाच उचलला.

"टेपचे रोल कुठे ठेवलेस रे?"

"मागच्या रॅकवर, मेतकुटाच्या डब्यांमागे."

"सापडले."

"आणखी काही, काकू?"

"नाही. तुला काही?"

"नाही."

फोन मात्र ठेवला नाही, ना त्यांनी, ना मी. मागे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता विचारतील. त्यांना काय वाटत होतं कोण जाणे. मग त्याच म्हणाल्या, "बरं," आणि कट झाला.

मुदत उद्यापर्यंत. पान उघडंच आहे. फोनही शेजारीच ठेवलाय.