पाणी निवळलं की

मु. होळी, वसई
१९ फेब्रुवारी

प्रिय जयराम,

पत्राचा शेवट आधी वाचायची तुझी खोड कॉलेजपासूनची आहे. या वेळी ती आवर आणि वरून खाली वाच, कारण मला हे वरून खालीच सांगता येणार आहे. गेले दोन महिने मी तुझ्या मोबाइलवर एकच ओळ पाठवते आहे, "पाणी अजून गढूळ आहे, निवळलं की कळवते." परवा त्यावर तू नुसता अंगठा पाठवलास. उभा जन्म संस्कृत शब्दकोशाच्या कामात घालवलेल्या माणसाने उत्तरादाखल अंगठा पाठवला, की त्याचा धीर संपत आला असं समजावं.

तुझा प्रश्न मला पाठ आहे. डिसेंबरात तू लिहिलंस, की पुण्यात कोशाच्या कामावर एक जागा रिकामी आहे, तुझी पत्नी जाऊन चार वर्षं झाली तेव्हा घरातही एक आहे, आणि दोन्हीकडे तुला मीच हवी आहे. कोशासाठी फेब्रुवारीअखेर नाव द्यावं लागेल, घराला मुदत नाही. ते शेवटचं वाक्य लिहिताना तू किती कागद फाडले असशील, याचा मला अंदाज आहे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. टाकीबद्दल लिहिलं. तर आता ती टाकी काय प्रकरण आहे ते ऐक.

माझा धाकटा भाऊ टोनी बोटीवर कुक आहे, हे तुला ठाऊकच आहे. नोव्हेंबरात तो सुट्टीवर आला आणि त्याने समुद्र घरी आणला. चार फुटांची काचेची टाकी, तीत पांढरी वाळू, खडक, निळे दिवे, लाटा काढणारे पंप आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर उपसणारं एक नळकांडं. खरा समुद्र आमच्या दारापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, खाडीकाठी मिठागरं, आणि हा पठ्ठ्या डब्यातलं परदेशी मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवत बसलेला. मी म्हटलं, "टोनी, हे म्हणजे वसईत बाहेरून केळी मागवल्यासारखं झालं." तर म्हणाला, "तुला नाय कळणार, बाय. आपल्या पाण्यात चिखल आहे, त्यात प्रवाळ जगत नाय." मग प्रवाळाचे बोटभर तुकडे आले, दोन नारिंगी मासे आले, शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा आला, आणि पाठोपाठ कंपनीचा फोन आला. "फक्त सहा महिने, बाय. दोन वेळा चिमूटभर खाणं टाकायचं, आटेल तेवढं गोडं पाणी घालायचं. तू तर घरीच असतेस." मी कॅथलिक नसते आणि मला कुंडली असती, तर तिच्या पहिल्या घरात हेच वाक्य सापडलं असतं.

तो गेला आणि चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. क्षीरसागराचं वर्णन मी मुलांना अठ्ठावीस वर्षं शिकवलं, पण त्यात राहणारे मासे बाहेरून दिसत नसणार, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्हा वाडीवाल्यांना गढूळ पाण्यावर एकच औषध माहीत. विहीर ढवळली की आय हंड्यात तुरटीचा खडा तीनदा फिरवायची, सकाळी तळ लख्ख दिसायचा. मीही बाही वर सारली आणि खडा फिरवला. निवळीच्या बियांची पूड पाण्यातला गाळ खाली नेते आणि मग स्वतःही निमूट खाली बसते, हा कतकरेणुन्याय आपण दोघांनी एकाच बाकावर बसून घोकला होता. तुरटीनेही तितक्याच सभ्यपणे वागायला हवं होतं. सकाळी टाकीभर पिंजलेल्या कापसाचे पुंजके आणि सगळे प्रवाळ मिटलेले. एक तर पुन्हा उघडलाच नाही.

मग तुळिंजहून गॉडफ्रेला बोलावलं. त्याचं तिथे माशांचं दुकान आहे, टोनीने सगळं त्याच्याकडूनच घेतलेलं. हा माझा जुना विद्यार्थी, आठवीत संस्कृतात शंभरपैकी अकरा. त्याने टाकी पाहिली, काठावरचा तुरटीचा खडा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "टीचर, टँक आहे हो, मटका नाय." अर्धं पाणी बदलून दिलं आणि समजावलं, की पहिला पांढरेपणा मुळात रोग नव्हताच. नवीन टाकीत जिवाणू भसकन वाढतात आणि आपोआप आटोक्यात येतात. त्या काळात माणसाने काही करायचं नसतं. मी विचारलं, "काही करायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं?" तो म्हणाला, "हात बाहेर ठेवायचे, टीचर. खाणं कमी, लाइट कमी आणि हात बाहेर." अकरा गुणांच्या पोराने मला जितक्या धीराने शिकवलं, तितक्या धीराने मी त्याला शिकवलं नव्हतं.

पण जयराम, हात बाहेर ठेवणं मला कुठे येतं? तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा आपण पंचविशीत होतो. तुला पुण्याची नोकरी लागली होती आणि तुझ्या घरच्यांनी कपाळाला आठ्या घालून का होईना, होकार दिला होता. मी म्हटलं, आय बरी झाली की. वाडीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तू तीन वर्षं थांबलास, मग लग्न केलंस, आणि बरोबर केलंस. मी आले होते, दोन जिलब्या खाऊन परतले. आय त्यानंतर तेवीस वर्षं जगली आणि त्यातली बावीस ठणठणीत होती. दर रविवारी चालत चर्चमध्ये मिस्साला जायची. आज पहिल्यांदा तुला एक गोष्ट सांगते. तिने मला कधीच अडवलं नाही. तू लग्न ठरवण्याआधी एकदा केळीचे घड उतरवता उतरवता ती मला म्हणाली होती, "जा गो त्याच्याकडं, मी काय आता मरत नाय." मी तिला म्हटलं, घड नीट धर. आय गेल्यावर छपराचं काम निघालं, मग शाळेतून निवृत्तीचे कागद अडकले. प्रत्येक अडचण खरी होती. मी एकही बनवून आणलेली नव्हती. ही टाकी येईपर्यंत तरी.

गॉडफ्रेचं म्हणणं खरं ठरलं. तीन फेब्रुवारीला सकाळी हॉलमध्ये आले तर पाणी निवळलेलं. पलीकडची काच, वाळूचा कण न् कण, खेकड्याचे देठावरचे डोळे, सगळं स्पष्ट. दोन्ही मासे पुढच्या काचेला येऊन, मी कोण आहे ते प्रथमच पाहत असल्यासारखे थांबले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. आता तुला कळवावं लागणार होतं. मी चहा ठेवला, तो उतू गेला, गॅस बंद केला, परत हॉलमध्ये आले. बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला आणि वाळू या टोकापासून त्या टोकापर्यंत ढवळली. हात पुसून तुला लिहिलं, पाणी अजून गढूळ आहे. त्यानंतर आणखी दोनदा.

सोमवारी भागूबाईने पकडलं. खाडीकाठच्या गावातून ती आमच्या वाडीत भाजी खुडायला येते आणि जाताना टाकीपाशी घटकाभर बसते. "पानी तं काल साफ होता, टीचरबाय. आज परत गढूल कसा झाला?" मी म्हटलं, होतं असं, मासे फिरतात. तिने माझ्याकडे पाहिलं. "आनी तुजी बाही कशी भिजली? खाना तं वरशी टाकतान." मी बाही खाली ओढली. तिने टाकीकडे बोट दाखवलं. एक मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून कल्ले भराभर हलवत होता. काल राखेचा बुधवार होता. कपाळाला राख लावून घेतली आणि फादरांपाशी कबुलीला गुडघे टेकले, तर पाप कुठल्या सदरात सांगावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, फादर, मी पाणी ढवळते. त्यांनी विचारलं, "त्रास कोणाला झाला?" म्हटलं, दोन माशांना आणि एका माणसाला. "मग त्या माणसाला सांगा, बाई. माशांचं काय करायचं ते तुम्हाला माहीत असेल."

माशांचं आज सकाळी केलं. टोनीला फोन लावून सांगितलं, की मी जाते आहे, परवा शनिवारी गॉडफ्रे टाकी घेऊन जाईल आणि तू परतेपर्यंत दुकानात सांभाळेल. तो चिडला. "बाय, एक टाकी सांभाळवत नाय तुला? आणि घर कोण बघणार?" मी म्हटलं, घराला कल्ले नसतात, ते बंद राहू शकतं. मग त्याने विचारलं, चाललीस कुठे? मला पुणे म्हणता आलं नाही. म्हणून हे पत्र. तू अंगठा पाठवतोस, वाट पाहतोस आणि माझी प्रत्येक अडचण खरी धरतोस, हा तुझा सभ्यपणा मला फार सोयीचा पडत आला आहे. कोशासाठी माझं नाव दे. माझा होकार आहे, दोन्ही जागांना. रविवारपर्यंत मला नवं काहीतरी सापडेल हे मी आत्ताच जाणते. वाडीचं पाणी, कोणाचं तरी दुखणं, गुडघा. ते मी तुला खरं वाटेल असंच लिहीन, कारण लिहिताना मलाही ते खरं वाटेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. अंगठा पाठवू नकोस. भांड माझ्याशी.

सध्या होळीतली, पण तुझीच,
कार्मिन