शिंपल्यांचा गंज कुणी उतरवला

मंगळवार, १८ मे १९७६

दादाचा ताप आज उतरला. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेले होते. क्वचितच होतं असं, पण काविळीपासून त्याचं लिव्हर अधू. कन्हान नदीतल्या शिंपल्या मागच्या रविवारी आम्ही सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या.

"पुरत्या शिजवल्या नव्हत्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

शिंपल्यांनी तोंड उघडलं की झाल्या, असंच आम्ही धरून चालतो. वहिनी म्हणतही होती, "थांबा नं भाऊजी, अजून उकळू द्या." भुकेच्या तडाख्यात चुलीवरून गंज, ते शिंपल्यांचं पातेलं, उतरवला मीच. एवढं सांगायला काय जड होतं?

माझ्याआधी वहिनीच बोलली, "मीच उतरवला जी घाईनं. मले नाही समजलं."

डॉक्टर तिला रागावले. मी दादाचे पाय दाबत बसलो.