लान निघाली, त्याची हकिकत

मोहने (कल्याण),
बुद्धपौर्णिमेनंतरचा सोमवार

आदरणीय रमाताईंना मंजुळेचा सविनय जय भीम.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्यांना रात्रीचं तेल लावता ना? दाजींचा खोकला गेला का, की अजून पाहुणे आले की तेवढ्यापुरता येतो? इकडे आम्ही सगळे मजेत. तुमचे आबा तर असे ठणठणीत आहेत की त्यांना तपासून डॉक्टरच दमतात. माझं पत्र बघून तुम्ही दचकला असाल. हल्ली घरी पत्र आलं की माणूस आधी शेवटची ओळ वाचतो. (तुम्ही तसं करू नका. क्रमाने वाचा.) फोन करता आला असता, पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपेपर्यंत तुमची दहा झालेली असतात आणि मी मुद्द्यावर आले की नेमकी तुमच्या दारावरची बेल वाजते. पत्राचं बरं असतं. समोरच्याला मध्ये बोलता येत नाही.

तसं काही विशेष नाही. आपली लान परत निघाली, तेच कळवायचं होतं. लान म्हणजे ती व्हिएतनामची मुलगी, ती राहायला आली तेव्हा तुम्ही "कुठल्या देशाची, काय खाते, आबांना विचारलंस का" असं एका दमात विचारलेलं ना, तीच. हे गेल्यानंतर मधली खोली रिकामी पडलेली, विनीत बंगळूरला नोकरीला, आणि ठाण्याच्या एका कॉलेजात पाली भाषेचं एम.ए. करायला आलेल्या या मुलीला बौद्धाचं घर हवं होतं. विहारातल्या बायकांनी जुळवून दिलं. पहिल्या दिवशी ती आबांपुढे हात जोडून वाकली. आबांनी नाव विचारलं, ती म्हणाली "लान", आणि आबांना ऐकू आलं "लहान". ती त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण दोन वर्षं झाली, आबा तिला "ए लहान" अशीच हाक मारतात. तिलाही ते इतकं अंगवळणी पडलंय की दुकानात कुणी "लहान देऊ की मोठा?" विचारलं तर ती वळून बघते.

तिचं मराठी आबांकडून आलेलं. त्यामुळे ती पाली बोलते भिक्खूंसारखी आणि मराठी बोलते कंपनीच्या युनियनवाल्यासारखी. रिक्षावाल्याने शहाडवरून जास्त पैसे मागितले तर ती शांतपणे सांगते, "दादा, मी काय आज आलेली नाय. मीटर टाक, नायतर चर्चेला बस." एकदा तर रिक्षावाला खरंच चर्चेला बसला.

तर झालं असं की तिची शेवटची तोंडी परीक्षा जवळ आली आणि पोरगी घाबरली. जेवेना. रोज संध्याकाळी आबांच्या खाटेपाशी बसून पाठ केलेलं म्हणून दाखवायची. आबांना पालीतलं वंदनेपलीकडे काही येत नाही, पण साहेब लोकांसमोर कसं बसायचं हे त्यांना पक्कं माहीत. कंपनीत युनियनच्या वाटाघाटींना जायचे ना ते. त्यांनी तिला शिकवलं, "साहेबाने प्रश्न विचारला की लगेच उत्तर द्यायचं नाय. आधी पाणी मागायचं. घोट घोट प्यायचं. तोवर साहेबच विचार करायला लागतो, आपलं काय चुकलं." मी म्हटलं, आबा, ही परीक्षा आहे, बोनसची बोलणी नव्हेत. आबा म्हणाले, "सारखंच असतं."

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासोबत ठाण्याला गेलेली. बाहेर बाकावर बसून होते. थोड्या वेळाने शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन आत गेला. परत आला, परत गेला. मग पाण्याने भरलेला सबंध जगच घेऊन गेला. मला काही उमगेना, आत परीक्षा चाललीय की पाणपोई. इतक्यात दार उघडलं आणि लान बाहेर आली ती सरळ धावत सुटली. मला वाटलं, संपलं, रडत निघाली. मी मागे "अगं लान, अगं थांब" करत पळतेय, आणि ती न वळता म्हणते, "काकू, बाथरूम कुठंय?" (ताई, मी त्या मजल्यावर सगळ्यांदेखत खाली बसले आणि हसले. माझ्या वयाला शोभत नाही, पण सांगून टाकते.) ती परत येईपर्यंत आतल्या सरांनी चहा मागवला, बिस्किटं खाल्ली, आणि सगळे गप्पांत रंगले. पुढचे प्रश्न अगदी घरच्यासारखे झाले म्हणे. तिला फर्स्ट क्लास मिळाला. आबांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं की पोरीला पाली आपण शिकवलं.

पास झाली म्हणून तिने सगळ्यांना जेवायला घालायचं ठरवलं. त्यांच्याकडे नूडल घातलेला एक रस्सा करतात, त्याला "फो" म्हणतात. विहाराचं मोठं पातेलं आणलं. चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, कोंबडीची हाडं, असं सकाळपासून तिने उकळत ठेवलं. वास छान होता, चव पण चांगली होती, पण खरं सांगू का, आपण रस्सा करायला घ्यावा आणि मध्येच फोन यावा, तशी. तिखट नाही, वाटण नाही. तळमजल्यावरच्या हौसाबाई मदतीला म्हणून आल्या, झाकण उचलून त्यांनी एकदा बघितलं, आणि लान ताटल्या आणायला गेली तेवढ्यात घरून आणलेला कांदा-लसूण मसाला मूठभर आत सोडला. वर मला म्हणतात, "पोरगी विसरलेली वाटतं." लान आली तर तिचा पांढरा रस्सा लालभडक. तिने चमचाभर चाखला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. हौसाबाईंना वाटलं, रागावली. त्या घाबरून पदर चाचपायला लागल्या. लानने नाक पुसलं, अजून एक चमचा घेतला आणि म्हणाली, "मावशी, हा मसाला माझ्या आईला पाहिजे." त्यावर हौसाबाईंनी तिला अशी मिठी मारली की दोघी पातेल्यात जायच्या.

गच्चीवर पंगत बसली. नूडल तोंडाने ओढून खायचे असतात, असं लानने करून दाखवलं. आबांनी तिच्यापेक्षा जोरात ओढलं. एकदम टप्प असा आवाज झाला आणि आबा गप्प झाले. बघते तर गाल आत गेलेले. कवळी वाडग्यात! बरं, त्यांच्या वाडग्यात असती तर काढून दिली असती. ती उडाली ती शेजारच्या रांगेत. सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव उभे राहून म्हणाले, "कुणीही घास घेऊ नका, आपापला वाडगा तपासा." सगळी पंगत चमच्याने रस्सा ढवळतेय आणि आबा ओठ मिटून बसलेले. मी विचारलं, आबा, तुमची का हो? तर म्हणतात, "माधी आहे दागेवर." शेवटी ती सापडली खुद्द कुंडलिकरावांच्या वाडग्यात, नूडलखाली. त्यांनी उठून हात धुतले. जेवण मात्र परत घेतलं, नवीन वाडग्यात. कवळीला तडा गेलेला म्हणून मग नौपाड्यातल्या दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन यावं लागलं. पण आबांचा काही त्रास नाही हो. नवी कवळी एकदम घट्ट बसते.

यानंतर सुरू झालं निरोपाचं. पाली शिकलेल्या मुलीला भेट काय द्यावी, यावर प्रत्येक घराने स्वतंत्र विचार केला आणि प्रत्येक घराला एकच सुचलं. बुद्धमूर्ती! बसलेली आली, उभी आली, पहुडलेली आली, आशीर्वादाचा हात असलेली आली, एक दिवा लागणारी आली. पोपट भंगारवाल्याने पितळेची आणली, तिच्या वजनाने त्याचाच खांदा दुखावलेला. मी लानला म्हटलं, अर्ध्या इथे ठेव. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी भगवंतांना दारात उभं करतेय. पोपटचाच काटा दाराच्या कडीला टांगून बॅग मोजायला घेतली. लान बॅग धरतेय, मी काटा वाचतेय, आबा खाटेवरून हुकूम सोडतायत, आणि कडी उखडून सगळं खाली. मूर्तींना काही झालं नाही. फरशी फुटली.

मग बॅग बंद होईना म्हणून आबा स्वतः तिच्यावर जाऊन बसले. चेन लागली. पण आबा उठेनात. त्यांच्या लेंग्याची नाडी चेनमध्ये! कात्री आणली तर नाडी कापू देईनात, म्हणाले, नवी आहे. मग तसेच बॅगेवर बसून त्यांनी चहा प्यायला, पेपर वाचला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की आपण व्हिएतनामला निघालोय. शेवटी लानने मेणबत्ती घासून चेन सोडवली. एकूण सामानाचा प्रश्न आता सुटलाय, दोन बॅगांत बरोबर बसलं सगळं.

तर अशी गंमत चाललीय. येत्या रविवारी तिचं विमान आहे. घर सुनं होईल, पण त्याला इलाज नाही. तुम्ही तब्येतीला जपा. दाजींना जय भीम, मुलांना आशीर्वाद. उन्हाचं फार बाहेर पडू नका.

तुमची,
मंजुळा

ता.क. उन्हाचं बाहेर पडू नका असं वर लिहिलंय, पण शनिवारी पडावं लागेल. नाशिकरोडहून सकाळी निघालात तर जेवायला इथे.

ता.क. दुसरा. ताई, मी लानबरोबर चाललेय. तीन आठवडे. बसा जरा, पाणी प्या. तिची आई गावात नूडलची गाडी चालवते. दर रविवारी फोनवर ती मला तिकडचा फणस दाखवते, मी तिला इकडचा दाखवते. एकमेकींचा एक शब्द कळत नाही, तरी अर्धा तास बोलतो. तिने मला बोलावलंय. मी आधी हसून सोडून दिलेलं. पण एकदा मेथी निवडताना लानने विचारलं, "काकू, लग्न झाल्यावर तुम्ही कुठे कुठे गेलात?" मी सांगायला लागले, चैत्यभूमी, दीक्षाभूमी, तुमच्याकडची लग्नं (संध्याकाळी परत), आणि यांच्या आजारपणात हॉस्पिटल. इथे आल्यावर पुढचं नाव सुचेना. मेथी निवडत राहिले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आबा, ज्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, ते म्हणाले, "जाऊ दे तिला. लई दिवस एका जागी बसली." मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून थोडी रडले. मग परत येऊन मेथी संपवली. पासपोर्ट दिवाळीतच काढलेला. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, तेही विचारून झालंय.

ता.क. तिसरा. आबांचा काही त्रास नाही असं मी लिहिलंय. तसं नाहीये. पाच वाजता चहा घेतात आणि साडेपाचला घेतलाच नाही म्हणतात. कवळी उशीच्या खोळीत लपवतात. गोळी जिभेखाली ठेवून गिळली म्हणतात, तोंड उघडायला सांगायचं. हौसाबाई तुमच्या मदतीला आहेत, विनीतही मधल्या शनिवारी येतोय. पण आबा नातवालाही "रमा कधी येते" असंच विचारतात, हेही मी फोनवर कधी सांगितलं नव्हतं. तुमचाही संसार होता, मी समजू शकते.

ता.क. शेवटचा. संध्याकाळी ते कंपनीच्या गेटापर्यंत चालत जातात. कंपनी कधीच बंद पडलेली, गेट बंद असतं, तरी उभे राहतात. एकटेच जायचं असतं त्यांना, म्हणून मी किंवा लान थोडं अंतर ठेवून मागून जायचो, दिसणार नाही असं. तुम्ही मागून जाऊ नका. लेक आहात, शेजारून चाला, ते काही म्हणणार नाहीत. आणि गेटापाशी फारच वेळ उभे राहिले तर फक्त म्हणायचं, "आबा, चहा." चहा झाला असला तरी म्हणायचं.