रेडकाएवढ्या माशाची काठी

तनुजा,

तू पहिल्या पगारातून आणलेली गळाची काठी आन् रील बदलून आणायला उस्मानपुऱ्यातल्या दुकानात चाललोय. रुसू नको.

शी! काठी हाय का खाटेचा दांडा? काल तलावावर पाच ग्रॅमची नकली मासोळी लावून फेकली, तर शेंडा तसूभर वाकंना. रीलचं चाक इतकं जड, की मासोळी माझ्या चपलेपाशीच पडली आन् मागं दोऱ्याचं घरटं झालं. एक बगळी त्यात अंडी घालायला आली होती, देवाशपथ.

चूक तुझी नाय. रेडकाएवढा मासा ओढल्याची गोष्ट मीच तुला लहानपणापासून सांगितली. तू बिचारीनं त्याच मापाचं सामान आणलं. हलक्या चाकाचं बारकं रील आन् लवचिक काठी मागितली, की दुकानदार विचारणारच, "बाबा, मासा केवढा धरता?" मग मला "पाव किलोचा" म्हणावं लागंल. इतकं ओंगळ वाक्य या तोंडातून कधी निघालं नाय.

इथं कसंबसं लिहिलं. तुझ्यासमोर म्हणवणार नाय, म्हणून तू उठायच्या आत एकटाच निघालो.

आबा