शंभरातल्या वीस जणी

चेन्नई
फेब्रुवारी २००६

प्रिय बाबा,

फोनवर मी काहीही सांगितलं तरी तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि बिल वाढेल म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. शिवाय पत्र दोनदा वाचता येतं. इथे सगळं छान आहे. आशिष पहाटे कंपनीच्या बसने श्रीपेरुंबुदूरला जातो आणि त्या बसमध्ये इतकं तमिळ शिकलाय की हल्ली झोपेतही तमिळमध्येच पार्ट नापास करतो. मी सांबारात गूळ घालते म्हणून आमच्या घरमालकीण अलमेलू मामी अजूनही माझ्याकडे संशयाने बघतात.

दोन वर्षांपूर्वी त्या पहिल्या दवाखान्याबद्दल सांगितलं होतं, आठवतं? दारातच हा मोठा फलक होता: आयव्हीएफ, यश साठ टक्के. साताऱ्यात जन्मभर गणिताचे पेपर तपासलेले तुम्ही, लगेच म्हणालात, साठ म्हणजे फर्स्ट क्लास, घ्या प्रवेश. मी तर मनातल्या मनात बारशाची नावंही काढायला लागले होते. पण आशिष पडला कारखान्यात दर्जा तपासणारा. टक्केवारी दिसली की त्याला राहवत नाही. तिथल्या बाईंना त्याने विचारलं, हे साठ कशातले? त्या गोड हसल्या आणि त्यांनी कॉफी मागवली. कॉफी संपेपर्यंत कळलं ते असं, की साठ म्हणजे नुसती गरोदरपणाची चाचणी ‘हो’ आलेल्या बायका. पुढे किती जणींच्या हाती बाळ आलं, ते त्यात नाही. त्याही फक्त तिशीच्या आतल्या, आणि ज्यांच्या पोटात गर्भ ठेवण्यापर्यंत मजल गेली तेवढ्याच. ज्यांचे उपचार मधेच थांबले, त्यांना मोजलंच नव्हतं. बाबा, कच्च्या मुलांना दहावीला बसूच द्यायचं नाही आणि निकाल शंभर टक्के लावायचा, ही तर तुमच्या शेजारच्या शाळेची युक्ती. हेडमास्तरांशी भांडून कच्च्या मुलांचे फॉर्म भरायला लावणारे तुम्ही, आणि त्या साठाला तुम्हीच भुललात.

मग आम्ही नुंगंबाक्कमला डॉ. मीनाक्षींकडे गेलो. तिथे फलक नव्हता. त्यांनी आधी माझं वय विचारलं. अडतीस म्हटल्यावर म्हणाल्या, तुमच्या वयाच्या शंभर जणींनी माझ्याकडे उपचार सुरू केले, तर तीसेक जणींची चाचणी ‘हो’ येते आणि वीस जणी बाळ घेऊन घरी जातात. “मी घरी नेलेलं बाळच मोजते,” एवढंच त्या शेवटी म्हणाल्या. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, वीस म्हणजे सपशेल नापास, साठवाल्यांकडेच जा. आपलं केवढं वाजलं त्यावरून! मी ऐकलं नाही, कारण त्या साठांत मला जागाच नव्हती. इथे निदान शंभरांत माझा बाक होता.

पहिल्या खेपेला जमलं नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. फार रडले मी. आशिष समजूत काढायला म्हणाला, एक खेप वाया गेली म्हणजे आता पुढची लागायची शक्यता वाढली. डॉक्टर म्हणाल्या, तसं नसतं. दर खेपेला शंभर नव्याने, वीसही नव्याने. दर्जा तपासणारा माणूस आणि हेच चुकला! त्याचा चेहरा बघून मला कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. खरं सांगू, त्या विसानेच मला सावरलं. साठाच्या आशेवर बसले असते तर खोट माझ्यातच आहे असं वाटलं असतं. आता माझ्या सोबतीला चांगल्या ऐंशी जणी होत्या.

तेव्हापासून तुम्ही काही विचारायचंच सोडलंत. दर रविवारी चेन्नईत उकडतंय का, एवढंच विचारता. दिवाळीनंतर आम्ही दुसरी खेप केली, ती मी कुणालाच सांगितली नाही.

मामींना मात्र कळलं. परवा मी गाडीवरची तिखटमीठ लावलेली कैरी उभ्या उभ्या संपवली, तर त्यांनी आपल्या हातातल्या फोडीही माझ्यापुढे धरल्या. बाबा, चाचणी ‘हो’ आली. तीन महिने कुणाला सांगू नये असं आई म्हणायची, म्हणून गप्प राहिले. ते सोमवारी भरले. ठोके ऐकले मी, अगदी घाईघाईचे आहेत. डॉक्टरांच्या हिशोबात मी अजून तिसांतच आहे, विसांत नाही, तेव्हा तुम्ही पेढे वाटू नका. फक्त एक करा. आई गेल्यापासून तुम्ही तिच्या ट्रंकेला कुणाला हात लावू दिला नाहीत. ती उघडा. तळाशी तिचं ते जांभळं सुती लुगडं असेल, धुऊन धुऊन मऊ झालेलं. बाळाची पहिली दुपटी जुन्या लुगड्याचीच हवीत ना? निकाल लागायचाय हे मला कळतं, बाबा. तरी तुम्ही लुगडं फाडायला घ्या.

तुमच्याच हट्टावर गेलेली,
तुमचीच
कौमुदी