रांगेतली माझी जागा

४ जानेवारी
उजव्या जांघेत फुगवटा. खोकलं की वर येतो, आडवं झालं की आत जातो. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करून टाका. घाबरलो नाही. फक्त विचारलं, ऑपरेशन न करता राहणारे लोक असतीलच ना? म्हणाले, असतात, आणि मग नको त्या वेळी धावत येतात.
याच महिन्यात वाचनालयात चर्चा आहे: ‘सर्वांना मोफत उपचार: हक्क की स्वप्न?’ मी हक्काच्या बाजूने बोलणार. आता स्वतः रुग्ण असल्यामुळे अधिकार वाढला. तोवर ऑपरेशन नको. विषय ताजा राहील.

७ जानेवारी
दीपकला कळलंच. दमयंतीचा भाऊ, विमा विकतो, आमची पॉलिसी त्यानेच काढलेली. म्हणाला, भावोजी, खासगीत करू, एसी रूम, दोन दिवसांत घरी. पण ‘विमा म्हणजे आजाराचा धंदा’ असं ज्याने भाषणात लिहिलंय, त्याने विम्यावर ऑपरेशन करून घ्यावं का? वाक्य काढून टाकायचा विचार केला. चांगलं आहे वाक्य. पॉलिसी बाद.

१५ जानेवारी
दमयंती म्हणाली, मग सरकारी कार्डावर करा, ते आता सगळ्यांना आहे. मी म्हटलं, तीच तर पंचाईत. आपला छापखाना चालतो, आपण घेतलं तर गरजूच्या वाट्याचं जातं. ती म्हणाली, म्हणजे तुमच्या भाषणातले ‘सर्व’ म्हणजे तुम्ही सोडून सर्व?
मार्मिक प्रश्न. उत्तर सापडलं की भाषणात घालीन.

२६ जानेवारी
चर्चा झाली. टाळ्या बऱ्या. बोलता बोलता म्हणून गेलो की ज्याचा सरकारी हॉस्पिटलवर विश्वास आहे, त्याने आधी स्वतः तिथल्या रांगेत उभं राहावं. हे कागदावर नव्हतं. दीपक विरुद्ध बाजूला. लगेच उठला: भावोजी कधी उभे राहतायत, तेही जाहीर होऊ दे! हशा. मी म्हटलं, उद्याच.
घरी येताना दमयंती म्हणाली, बोलताना तुमचा उजवा हात सारखा टेबलाखाली जात होता. पुढच्या ओळीतून दिसतं हो.

२८ जानेवारी
काल लग्नपत्रिकांची घाई होती. आज गेलो. रांगेतले सगळे माझ्याहून वाईट अवस्थेत, त्यामुळे दोनदा मागे जाऊन उभा राहिलो. डॉक्टरीण तरुण, चटपटीत. तारीख मिळाली: १७ फेब्रुवारी, आदल्या दिवशी भरती. इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. ‘महिनोन्महिने ताटकळणारा रुग्ण’ हा माझा मुद्दा कच्चा ठरला. त्याने जरा अस्वस्थ आहे.

१६ फेब्रुवारी
वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो. दमयंतीच्या हातात पिशवी. आत खाटांवर माणसं बघितली आणि मनात आलं, यांच्यात येऊन पडायचा मला काय अधिकार? सिस्टरना सांगितलं, माझी जागा एखाद्या गरजूला द्या. त्या म्हणाल्या, अहो, तसं होत नाही. तपासण्या लागतात, भूलतज्ज्ञांनी पेशंट बघितलेला लागतो. तुम्ही गेलात तर उद्याची ती वेळ फुकट जाणार. मी म्हटलं, तरीही.
बाहेर आल्यावर एकदम हलकं वाटलं. त्यागाने वाटतं तसं.
दमयंतीने रिक्षात पिशवी मांडीवर घेतली. घरी आल्यावर म्हणाली, भीती वाटते म्हणालात तर मी हात धरून बसेन.
मूळ मुद्दा तो नव्हता.

२१ फेब्रुवारी
कमरेला बांधायचा पट्टा आणला. त्याने भागेलसं दिसतं. आरोग्यहक्कावर लेख लिहायला घेतला. सुरुवात जमत नाही, जास्त वेळ बसलं की दुखतं.

६ मार्च, गावी
शिमगा. आज पालखी आमच्या अंगणात. पालखी दारात आली की घरच्या माणसाने खांदा द्यायचा, ही रीत. दमयंतीने बजावलं होतं, केरूला आधीच सांगून ठेवा. केरू माझा चुलतभाऊ, सांगितलं तर समजणारा. सांगणारच होतो. तेवढ्यात ढोल सुरू झाले आणि तोच ओरडला, “काय रे दादा, शहरात राहून खांदा नाजूक झाला काय?” अख्खी वाडी हसली. वाडीसमोर जांघेचं काय सांगणार? शिवाय सगळ्यांचा भार सगळ्यांनी उचलायचा म्हणजे काय, ते पालखीइतकं कुठे दिसतं? लेखाला उत्तम उदाहरण. खांदा दिला. नाचवलीसुद्धा. पट्टा रत्नागिरीच्या घरी राहिला होता.
संध्याकाळ. आडवा झालो तरी फुगवटा आत जात नाही. दगडासारखा लागतोय. दोनदा उलटी. पुरणपोळी जास्त झाली असणार. दमयंती गाडी बोलावू म्हणते. सकाळी बघू.

९ मार्च, सरकारी हॉस्पिटल
आज पेन धरता येतंय. परवा पहाटे केरूने उचलून गाडीत घातलं. वाटभर रडत होता म्हणे. आल्या आल्या ऑपरेशन. आतडं अडकलं होतं, थोडक्यात वाचलं. डॉक्टरीण तीच. तिने विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी म्हटलं, धोरणाचा अभ्यास. तिला वाटलं, भूल उतरली नाही.
शेजारच्या खाटेवर गंगाराम, गुहागरकडचे, साठी उलटलेले. त्यांचाही हर्नियाच. परवा सकाळची पहिली वेळ त्यांची होती. उपाशी, कपडे बदलून बसले होते. माझ्यामुळे मागे पडलं, मग त्यांचं बीपी चढलं, आता नवी तारीख. सोबतीला मुंबईहून आलेला मुलगा रजा संपली म्हणून काल परत गेला.
मी माफी मागितली. म्हणाले, “तुमचा झाला ना? बरा झाला. माझा काय, पोराला परत रजा मिळाली की येईन.”
मी म्हटलं, तुमच्या तारखेला मी सोबत येईन. हे नक्की.
दुपारी ते निघाले. चादरीची घडी केली, पिशवी उचलली. मी झोपलोय असं समजून दमयंतीला हळूच विचारलं, “वहिनी, यांना भीती वाटत होती काय?”
ती म्हणाली, “खूप.”
“मला पण वाटते. म्हणून तर पोराला बोलावलेला.”
डोळे मिटूनच होतो. त्या वेळी झोप लागली होती, असं लिहिणार होतो.