मुलीचं नाव रिबेका

मस्कत, शुक्रवार

आई,

तुला नात झाली त्याला दोन महिने झाले. तू फोनवर म्हणालीस, "पोरीचं नाव आपल्यातलं ठेव, मग बारसं मी कल्याणला घालते. कुंची शिवून ठेवलीय." हे ग्रेसीला सांगितलं तर ती आनंदाने रडायलाच लागली. चर्चमध्ये वाढलेली पोरगी, पण म्हणाली, "सान्वी ठेवू. बाळाला आजी मिळू दे रे."

मी नाय म्हणालो. लग्नाआधी ती आपल्याकडे चहा प्यायली, तो कप तू तिच्यासमोर कचऱ्यात टाकलेलास. ती विसरली. मी नाही.

सातवीत शाळा सोडलेला मी, बायबल कधी उघडलं नव्हतं. तिच्याकडूनच फोनवर त्यातली नावं वाचून घेतली आणि रिबेका निवडलं. काल डोंबिवलीत जन्मदाखल्याच्या खिडकीशी तिला उभी केली, व्हिडिओ कॉल चालू ठेवायला लावला. कडेवर पोर, हातात पेन.

"हे तू माझ्यासाठी नाही करत," ती म्हणाली.

"लिही गपचूप. नायतर मी परत येणारच नाय."

तिने लिहिलं.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या ग्रेसी तुला फोन करेल आणि नाव तिनेच हट्टाने ठेवलं म्हणून सांगेल. तसं मीच तिला बजावलंय. तू तिलाच शिव्या घालशील. नंतर मला फोन लावशील आणि विचारशील, जेवलास का रे बाळा?

तुझा गुणी मुलगा,
सुशांत